दहा टक्क्यांच्या खाली

लेडबरी गावाबाहेर, टेकडीच्या पोटाशी
हॉप्स वाळवायची जुनी भट्टी आहे.
हॉप्स गेले. आता तिथे पुदिना, वनमेथी,
व्हॅलेरियनची मुळं
आणि नोंदवही घेऊन मी.

मालकीणबाई विनिफ्रेड प्रॉसर. वय एक्क्याऐंशी.
पंखा कधी लावायचा ते त्या स्वतःच्या गुडघ्यांना विचारतात,
मी आर्द्रतामापकाला.
सहसा एकमत होतं.

पहिल्या उन्हाळ्यात मी साठ अंश लावले होते.
ऑर्डर तुंबलेली, बाहेर तीन दिवस भुरभुर.
पुदिना सहा तासांत कुरकुरीत.
दारावरून जाणारा पोस्टमन आत डोकावला,
डोळे मिटून म्हणाला, वा, काय सुगंध!
बाई तेव्हा गप्प राहिल्या.
दुपारी त्यांनी एक पान माझ्या तळहातावर चुरडलं.
नुसतं गवत.
"पोस्टमनने नेलं सगळं," म्हणाल्या, "आणि तेही फुकट."

तेव्हापासून भट्टीत घमघमलं की माझ्या छातीत धस्स होतं.
वास आला म्हणजे गेला.
पस्तीस अंश, पातळ थर, खिडक्यांना गोणपाट.
घाई झाली तर चहा टाकायचा,
आच वाढवायची नाही.

हे सगळं मला आधीच सांगून झालं होतं.
संगमेश्वरला वैद्यांकडे पुड्या बांधणारे रेडीजनाना
अडुळसा माडीवर पसरताना म्हणायचे,
उन्हाने पानाला बघावं, शिवू नये.
मी फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला. म्हटलं,
नाना, थर्मामीटर घ्या एखादा.
ते हसले. दोरीची गाठ दातांनी आवळली.

बाईंनी एकदा विचारलं,
वाळवणं म्हणजे नुसतं कमी होणंच का गं?
मी आल्याची गोष्ट सांगितली.
आलं वाळतं तेव्हा त्याचा तिखटपणा
पाण्याचा एक रेणू सोडून देतो
आणि जवळजवळ दुप्पट चढतो.
म्हणून आमच्याकडे त्याला नावही दुसरं: सुंठ.
सुंठीवाचून खोकला गेला, असं आम्ही म्हणतो.
बाई खोकल्या. म्हणाल्या,
"हेरफर्डशरमध्ये सुंठीनेसुद्धा जात नाही."

वहीत त्यांचा रकाना एकच: ड्राय.
मला तो पुरत नाही. समासात पेन्सिलीने लिहिते:
कोमेजला. सुकला. वाळला. हडकला. करपला.
पाच वेगळी औषधं आहेत ती.

सप्टेंबरात वनमेथीची खेप बिघडली.
वरून सोनेरी, ताज्या गवतगंजीचा गोड वास,
मधोमध मात्र पेंढी ऊबदार लागली हाताला,
आणि आत पांढरं जाळं.
शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत असलीच वनमेथी खाऊन
गाई मेल्या होत्या. शिंगं कापली की रक्त थांबेना.
गोड वासाचं बुरशीने विष केलं होतं.
मग कुणीतरी त्या विषाचाच माग काढला,
मोजून मापून गोळी केली,
आणि बाई ती रोज संध्याकाळी सातला घेतात
हृदयातल्या नव्या झडपेसाठी.

अठरा किलो आम्ही खड्ड्यात ओतली.
पाऊस नव्हता, पण दोघींचे चष्मे धुरकटले होते.
मी म्हटलं, शनिवारी भिजून आली होती.
रविवारी उलटायला हवी होती मी.
रविवारी घरून फोन आला. नाना गेले.
मग मी आलेच नाही.

त्यांनी घड्याळ पाहिलं, खिशातून डबी काढली,
गोळी पाण्याशिवाय गिळली.
"लिही," म्हणाल्या, "कारणाच्या रकान्यात खरं ते लिही."

वनमेथी. अठरा किलो. ओलावा सतरा टक्के. बुरशी. नष्ट.
कारण:
पेन्सिलीला टोक नव्हतं.
मी ते काढत बसले,
आणि देवदाराची ती वाळकी साल
वास देत राहिली.